पासिंग

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या खानदेशात कुणी नवी-जुनी गाडी दारात आणून उभी केली, की बघायला जमलेल्यांपैकी पहिला माणूस किंमत विचारत नाही. तो विचारतो, 'कोणती पासिंग आहे भो?' मग मालक सांगतो, एकोणीस. म्हणजे जळगाव. अठरा म्हटले की धुळे, एकोणचाळीस म्हटले की नंदुरबार. या 'पासिंग' शब्दाचा उगम परीक्षेत आहे हे आता कुणाच्या ध्यानातही नसते. गाडी सरकारी माणसापुढे उभी राहिली, त्याने ती तपासली आणि रस्त्यावर चालण्यास लायक ठरवली, म्हणजे ती 'पास' झाली, असा तो अर्थ. पुढे तपासणी मागे पडली आणि शब्द नंबरप्लेटला चिकटून राहिला. कवी माणसाला शब्दांच्या अशा घसरणीत रस असतो. पण मला या शब्दात रस आहे त्याचे कारण वेगळे आहे, आणि ते मी पुढे सांगणार आहे.

माझे वडील चोपड्यात टांगा चालवीत. चोपड्याला रेल्वे नाही, आजही नाही. गाडी पकडायची तर तापी ओलांडून धरणगाव किंवा अमळनेर गाठावे लागते. त्यामुळे आमच्या गावाचे सगळे येणे-जाणे रस्त्याचे, आणि रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवर पोट भरणाऱ्यांची संख्याही मोठी. अब्बांचा टांगा बसस्टँडपासून गावात आणि बाजाराच्या दिवशी चहार्डीपर्यंत जाई. टांग्याला नगरपालिकेचा बिल्ला होता आणि बिल्ल्याआधी टांग्याची तपासणी होई. मी सात-आठ वर्षांचा असताना अब्बांबरोबर एकदा त्या तपासणीला गेलो होतो. चाकाची धाव ढिली आहे का, कंदील लागतो का, आस वाकला आहे का, हे बघून झाल्यावर तपासणारा माणूस घोड्याजवळ गेला. त्याने खोगिराखाली हात घातला. पाठीवर जखम आहे का ते तो बोटांनी चाचपत होता. मग त्याने एकेक पाय उचलून नाल बघितली. अब्बा नंतर मला म्हणाले, 'बेटा, गाडी खोटं बोलू शकते, घोडा नाही बोलत.'

तपासणीची ही पद्धत मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. मुंबई शहरात भाड्याच्या घोडागाड्यांसाठी १८६३ सालीच कायदा झाला होता आणि १९२० मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. गाडी आणि जनावर, दोघेही धडधाकट असल्याशिवाय परवाना नाही, हे त्यातले सूत्र. मुंबईबाहेर नगरपालिकांनी आपापले उपविधी केले. त्यामुळे एका गावात चालणारा टांगा दुसऱ्या गावच्या हद्दीत शिरला की बेकायदा ठरू शकत असे. एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणी लागू नाही, ही तक्रार मोटारवाल्यांनी फार पुढे केली. टांगेवाले ती आधीपासूनच करीत होते. बैलगाडीला मात्र कधी कुणी उभे केले नाही. तिचा आस मोडला तर वाटेत दुसऱ्याची गाडी थांबवून माल हलवायचा, एवढाच तिचा कायदा.

यंत्र तपासून त्याला दाखला देण्याची कल्पना आली ती वाफेच्या बॉयलरवरून. जर्मनीत मॅनहाइम या गावी १८६५ च्या जानेवारीत एका मद्याच्या कारखान्यातला बॉयलर फुटला, तेव्हा तिथल्या कारखानदारांनी दुसऱ्या वर्षी स्वतःच बॉयलर तपासणारी संस्था काढली. अशा संस्थांचीच पुढे आज मोटारी तपासणारी 'ट्यूव्ह' झाली. आपल्याकडे कलकत्त्याला १८६३ मध्ये बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि लगेच बंगालने १८६४ मध्ये तपासणीचा कायदा केला. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी बॉयलरचा कायदा १९२३ साली आला. खानदेश हा कापसाचा मुलूख, जिनिंग-प्रेसिंगची धुराडी इथे गावोगाव होती. म्हणजे मोटार इन्स्पेक्टर आमच्या लोकांनी बघण्याआधी बॉयलर इन्स्पेक्टर बघितलेला होता. तो येणार म्हटले की जिनमध्ये दोन दिवस नुसती घासपूस चाले, असे जुनी माणसे सांगत. तपासणीच्या आधी घासपूस आणि तपासणीनंतर जैसे थे, ही परंपराही बहुधा तिथूनच आली.

मोटारीसाठी मुंबई इलाख्याने १९०४ मध्ये स्वतःचा कायदा केला. त्याआधी बंगालने केला होता, मद्रासने नंतर केला. १९१४ मध्ये या सगळ्यांच्या जागी एक अखिल हिंदुस्थानचा कायदा आला, पण बारीकसारीक नियम करायचे काम प्रांतांकडेच राहिले. खरा बदल झाला तो १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने. १ जुलै १९३९ पासून तो सुरू झाला. भाड्याने माणसे किंवा माल नेणाऱ्या प्रत्येक वाहनाला 'फिटनेस सर्टिफिकेट', म्हणजे योग्यता प्रमाणपत्र हवे, ते नसेल तर त्या गाडीची नोंदणीच झालेली नाही असे समजले जाईल, असे कलम त्यात होते. खासगी मोटारीला ते नव्हते. साहेबाची, डॉक्टरची, जमीनदाराची गाडी एकदा नोंदली की पुढे तिचे ब्रेक तो आणि त्याचा परमेश्वर जाणे. ज्या गाडीत पैसे देऊन बसायचे ती तपासायची आणि ज्या गाडीखाली फुकट सापडायचे ती तपासायची नाही, हा भेद आपल्या कायद्यात तेव्हापासून आहे.

आमच्या भागात यात आणखी एक गंमत होती. चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा. डोंगर ओलांडला की पलीकडे होळकरांचे इंदूर संस्थान आणि बडवानीचे संस्थान. पूर्वेला यावल-रावेर सोडून पुढे गेले की बऱ्हाणपूर, ते मध्य प्रांतात. आणि आम्ही मुंबई इलाख्यातल्या पूर्व खानदेशात. एका दिवसाच्या मोटारप्रवासात तीन-चार राज्यव्यवस्था लागत. १९३९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. संस्थानच्या हद्दीत संस्थानचा हुकूम. मुंबई-आग्रा रस्त्याने धुळे, शिरपूर, पळासनेर करीत गाडी बिजासनीचा घाट चढली की सेंधव्याला ती होळकरांच्या मुलखात शिरे. इंजिन तेच, ब्रेक तेच, ड्रायव्हर तोच, कायदा मात्र घाटात बदललेला. घाटाला त्याचे काही सुखदुःख नव्हते.

पुढे संस्थाने गेली, १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस.टी. धावली आणि खासगी सर्व्हिस मोटारींचा जमाना ओसरत गेला. या मोटारींच्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात. महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी लावीत आणि चढ आला की उतारूंना उतरून ढकलावे लागे. एस.टी.ने प्रवाशांना दोन गोष्टी दिल्या. एक वेळापत्रक, आणि दुसरी म्हणजे आगारात रोज रात्री गाडीखाली शिरणारा मेकॅनिक. एस.टी.च्या गाडीलाही आरटीओचे पासिंग लागतेच, त्यातून तिला सूट नाही. पण वर्षातून एकदा बघणारा इन्स्पेक्टर आणि रोज बघणारा मेकॅनिक यांतला कोण गाडी धड ठेवतो, हे कुणीही सांगेल.

आता माझ्या घरची गोष्ट.

अब्बांचा घोडा म्हातारा झाला आणि १९८४ मध्ये टांगा बंद झाला. मोठ्या भावाने, आम्ही त्याला भाईजान म्हणतो, कर्ज काढून एक जुनी मेटॅडोर घेतली. केळीचे दिवस असले की बागेतून घड भरून सावद्याकडे, लग्नसराईत वऱ्हाड, आणि एरवी जे मिळेल ते. मी तेव्हा बारावी संपवून बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आणि मराठीत कविता करू लागलो होतो. भाईजानला कवितेचे कौतुक होते, पण सुटीच्या दिवशी मी गाडीवर हात काळे करावेत अशी त्याची अपेक्षा असे, आणि ती रास्तच होती.

मेटॅडोर व्यापारी वाहन, तेव्हा तिला पासिंग लागायचे. परिवहन खात्याचा कॅम्प तालुक्याच्या गावांना फिरता असे. कुठल्या गावच्या कॅम्पला आम्ही गेलो ते सांगत नाही. साहेब कोण होते तेही नको. १९८७ चा मार्च महिना होता. कॅम्पच्या आदल्या आठवड्यात गॅरेजवर पासिंगचा बाजार भरायचा. पत्र्याला पुटीन, वरून रंग, दरवाजावर मालकाचे नाव, मागे लाल रिफ्लेक्टर, फुटलेल्या दिव्याला नवी काच. आमच्या गाडीचे सगळे झाले, टायर तेवढे राहिले. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत होते, एकाला आतून तार दिसत होती. नव्या टायरचे पैसे नव्हते. केळीला त्या साली भाव नव्हता आणि कर्जाचे दोन हप्ते थकले होते.

त्यावर गॅरेजवाल्यांकडे एक तोडगा होता, आणि तो सगळ्यांना माहीत होता. चांगल्या नक्षीचे टायर पासिंगपुरते भाड्याने मिळत. सकाळी बसवायचे, साहेबांनी बघितले की दुपारी काढून परत. ते टायर रिमसकट मी आणि आमचा क्लीनर पोरगा असे दोघांनी हातगाडीवरून आणले. क्लीनर माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. आम्ही मजेत होतो. कॅम्पच्या मैदानात बाभळीखाली गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि एकच टायरजोडी तीन गाड्यांना पास करीत होती. आमची दुसरी. आमच्याआधीची गाडी पास झाल्याबरोबर तिची चाके निघाली, आमच्याला लागली, आमची पास झाली, की तिसऱ्याला गेली. साहेबांनी दिवे लावून बघितले, हॉर्न वाजवला, पेन्सिल घासून चासी नंबरचा छाप घेतला. टायरवर बुटाचे टोक मारले. गाडी चालवून ब्रेक बघायला मैदानात जागाच नव्हती. सही झाली. भाईजानने आम्हा दोघांना भजी खाऊ घातली.

मे महिन्यात, भर दुपारी, केळी भरलेली मेटॅडोर यावलच्या रस्त्याने जात असताना पुढचा डावा टायर फुटला. गाडी चारीत जाऊन आडवी झाली. भाईजानला खरचटलेही नाही. क्लीनर डाव्या बाजूला बसला होता. त्याचा डावा पाय घोट्याच्या वर दाराच्या पत्र्यात सापडला. पाय वाचला नाही.

पुढचा भाग मला आजवर नीट लावता आलेला नाही. अपघात झाला तेव्हा गाडीचे पासिंग चालू होते, म्हणून विम्याची पॉलिसीही निर्दोष होती. पासिंग संपलेले असते तर कंपनीने हात वर केले असते आणि पोराला कोर्टातून काही मिळाले असते तर ते आमच्याकडूनच वसूल व्हायचे. आमच्याकडे तर काहीच नव्हते. तीन-साडेतीन वर्षांनी त्याला नुकसानभरपाई मिळाली. जो कागद आम्ही फसवून मिळवला त्याच कागदाने त्याला पैसे दिले. भाईजान म्हणतो, तेवढे तरी बरे झाले. मला ते बरे म्हणवत नाही आणि वाईटही म्हणवत नाही. साहेबांनी टायर नीट बघितले नाहीत, हे खरे. पण ते टायर हातगाडीवरून आणणारे दोघे होतो, आणि दोघांतला एक सध्या तुमच्याशी बोलतो आहे.

असो. १९३९ च्या कायद्याला पन्नास वर्षे झाली नेमक्या त्याच दिवशी, १ जुलै १९८९ ला, १९८८ चा नवा कायदा अमलात आला. त्याबरोबर केंद्राचे नियम आले आणि सगळ्या देशाला एकच चौकट मिळाली. नव्या व्यापारी वाहनाला दोन वर्षांचे योग्यता प्रमाणपत्र, त्यानंतर दर वर्षी नूतनीकरण. २०१८ च्या नोव्हेंबरात त्यात बदल झाला: गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी, त्यापुढे दर वर्षी. खासगी गाडीचे मात्र तेच. नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि तपासणी होते ती त्या नूतनीकरणाच्या वेळी. मधल्या काळात तिच्याकडे बघतो तो फक्त पीयूसीवाला. तोही धूर बघतो, ब्रेक नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचे नूतनीकरण करू नये असे सांगितले, तेव्हा पेट्रोलपंपावरच्या त्या टपरीपुढे काही दिवस रांगा लागल्या होत्या. पंधरा वर्षे खासगी गाडीला कुणी विचारत नाही, हे ऐकून परदेशातल्या लोकांना आश्चर्य वाटते.

त्यांच्याकडेही एकवाक्यता आहे असे नाही. इंग्लंडमध्ये खासगी मोटारीची सक्तीची तपासणी १९६० मध्ये सुरू झाली, ती आधी फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. पहिल्याच फेरीत इतक्या गाड्या नापास झाल्या, की दहाची मर्यादा लगोलग सातावर आणावी लागली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर आली. तिथे हे काम परवानाधारक खासगी गॅरेजे करतात. त्याच राज्यातल्या उत्तर आयर्लंडमध्ये मात्र पहिली तपासणी चौथ्या वर्षी, आणि ती सरकारी केंद्रातच. कारण जो दुरुस्तीचे पैसे घेणार त्यानेच दोष काढू नये. युक्तिवाद बिनतोड आहे. पण २०२० च्या जानेवारीत त्या सरकारी केंद्रांतल्या मोटारी उचलण्याच्या यंत्रांनाच तडे गेलेले आढळले, जवळजवळ सगळ्याच यंत्रांना, आणि तपासण्या बंद ठेवाव्या लागल्या. तपासणाऱ्याला कोण तपासणार, हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही म्हणायचा. जर्मनी आणि जपानमध्ये पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. जपानची तपासणी इतकी कडक आणि खर्चिक, की पुष्कळ लोक तिची तारीख येण्याआधीच गाडी विकून मोकळे होतात.

अमेरिकेत तर राज्याराज्यांत निराळा न्याय. माझ्या चुलत भावाचा मुलगा टेक्सासात असतो. तिथे १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची सक्तीची सुरक्षा तपासणी रद्द झाली. काही जिल्ह्यांत धुराची तपासणी राहिली, व्यापारी वाहनांची सगळी राहिली. 'तपासणी गेली, पण तिच्या नावाची साडेसात डॉलर फी नोंदणीत घेतातच,' असे तो फोनवर हसत सांगत होता. मी म्हटले, बाबा रे, हे तर अगदी आपल्यासारखे झाले.

रद्द करणाऱ्यांचे म्हणणे असे, की मोटारी आता पूर्वीपेक्षा पक्क्या झाल्या, यंत्र बिघडून होणारे अपघात थोडे, चालवणारा चुकून होणारे पुष्कळ. मग सगळ्यांना रांगेत कशाला उभे करायचे? ठेवणाऱ्यांचे म्हणणे, तपासणी आहे म्हणूनच यंत्राचे अपघात थोडे आहेत. दोन्ही बाजूंना विद्वान आहेत. मी त्यांच्या वादात पडणार नाही, पण माझा कल लपवीतही नाही. गाडी नवी, रस्ता सपाट, मालकाच्या खिशात पैसे, अशा ठिकाणी ती चर्चा करावी. इथे केळीचा भाव पडला की पहिली काटछाट टायरमध्ये होते.

आपल्याकडे या व्यवस्थेला धक्का दिला तो पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी. आरटीओ गाड्या न चालवताच योग्यता प्रमाणपत्रे देतात, अशी जनहित याचिका त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात केली. ब्रेक तपासायला २५० मीटरचा चाचणीमार्ग हवा, आणि तो नसेल तिथे प्रमाणपत्र देऊ नये, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तसे मार्ग नसलेल्या कार्यालयांतले पासिंग थांबले, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत तपासणीत हयगय केल्याबद्दल राज्यभरातले ३७ अधिकारी निलंबित झाले. त्या दिवसांत आमच्याकडच्या जीपवाल्यांनी, रिक्षावाल्यांनी बरीच बोंब मारली. बाभळीखालचे पासिंग संपले, आता चोपड्याहून पन्नासेक किलोमीटर जाऊन रांगेत उभे राहायचे, दिवसाची कमाई बुडवायची. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी मात्र बातमी वाचून पेपर घडी करून ठेवला आणि बराच वेळ २५० मीटर म्हणजे किती याचा विचार करीत बसलो. आमच्या कॅम्पच्या मैदानात तेवढी जागा मावली नसती हे खरे, पण मैदानाला लागून डांबरी सडक होती.

मग पैशाचा प्रश्न आला. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांची फी वाढली. ट्रक-बसच्या योग्यता प्रमाणपत्राला दीड हजाराचे साडेबारा हजार झाले, खासगी मोटारीच्या नूतनीकरणाला सहाशेचे पाच हजार. जुनी गाडी ठेवणे परवडू नये, हाच त्यामागचा हेतू होता आणि तो लपवलेलाही नव्हता. त्याआधीपासून पासिंगची तारीख चुकली तर दिवसाला ५० रुपये, असाही नियम होता. २०२४ मध्ये महाराष्ट्रात त्याची वसुली सुरू झाली तेव्हा रिक्षावाले रस्त्यावर उतरले आणि काही महिन्यांतच सरकारला तिला स्थगिती द्यावी लागली. ज्याची रिक्षा तीन महिने घरी आजारी पडून होती त्याचे साडेचार हजार झाले होते. आता साहेबाच्या डोळ्यांऐवजी यंत्राने तपासणी करायची, स्वयंचलित केंद्रे उभारायची, असे धोरण आहे. यंत्राला बुटाचे टोक मारता येत नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. पण ती केंद्रे वेळेत उभी राहीनात, म्हणून सक्तीची मुदत पुढे ढकलत १ ऑक्टोबर २०२४ वर न्यावी लागली होती.

हे सगळे वाचताना-लिहिताना माझ्या नजरेसमोर आमच्या भागातले तीन अपघात येतात. १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला येणारी एस.टी. खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली. किमान १२ माणसे गेली. त्या गाडीच्या पासिंगची मुदत त्याच महिन्याच्या अखेरीला संपणार होती, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. म्हणजे कागदाने गाडी लायक होती. अपघात त्यामुळे झाला असे मी म्हणत नाही. कागद कुणाला पुलावर धरून ठेवीत नाही, एवढेच. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ, ज्या घाटात एके काळी कायदा बदलत असे त्याच घाटाच्या उतारावर, कंटेनरचे ब्रेक निकामी झाले आणि तो वाहनांना उडवीत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. किमान १० मृत्यू. आणि त्याआधी, २०२१ च्या फेब्रुवारीत, यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला. पपईच्या राशीवर बसून रावेरकडे घरी निघालेले किमान १५ मजूर मेले. त्यांत बाया होत्या, मुले होती. मालट्रकचे पासिंग करताना ब्रेक बघतात, टायर बघतात. त्यावर माणसे का बसतात, हा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

माझ्या स्कूटरला मागल्या वर्षी पंधरा वर्षे झाली. नूतनीकरणासाठी मी एका कार्यालयात गेलो. सगळे कागद नीट होते, फी भरली होती. तरुण साहेब होते, बोलायला सौजन्यशील. त्यांनी माझी कविता शाळेत असल्यापासून वाचल्याचे सांगितले, मला खुर्ची दिली. चासी नंबरचा छाप मी पेन्सिलीने आधीच काढून नेला होता, तो त्यांनी ताडून पाहिला. मग म्हणाले, 'सर, झालं. तुमची गाडी काय बघायची.'

मी पाच वर्षांची मुदत घेऊन घरी आलो. यावल रस्त्याला एक पंक्चरचे दुकान आहे. १९९१ पासून, भरपाईच्या पैशातून उभे केलेले. मालक कुबडी भिंतीला टेकवून खाली बसून काम करतो. मी तिथून जाताना तो नेहमी हाक मारतो आणि मीही थांबतो. त्या दिवशीही त्याने हाक मारली, स्कूटर स्टँडला लावायला सांगितली, मागचे चाक हाताने फिरवले आणि खाचेत एक रुपयाचे नाणे उभे धरून बघितले.

'हा बदलाव लागीन,' तो म्हणाला.

'आजच पास झाली,' मी म्हटले.

तो हसला आणि पाना शोधू लागला.